याद्या करणाऱ्यांचं बडोदं

३० एप्रिल १९४९ला बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि दुसऱ्याच दिवशी, १ मेला, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मध्ये फक्त एक रात्र. या घाईमागे कुणाच्या मनात काय होतं यावर तर्क लढवत बसण्यापेक्षा परिणाम पाहावा. संस्थानचा कारभार, फौज, कचेऱ्या सगळं नव्या राजवटीकडे गेलं, पण पोथ्यांचा मोठा साठा विद्यापीठाच्या पदरात पडला आणि तिथेच राहिला.

१ मे ही तारीख या शहराच्या मागेच लागलेली दिसते. १९४९च्या १ मेला संस्थान गेलं. १९५०च्या १ मेला विद्यापीठाचं ग्रंथालय सुरू झालं. १९६०च्या १ मेला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि बडोदं गुजरातेत गेलं. आपण ज्या दिवशी झेंडावंदन करतो, त्याच दिवशी मोडी दप्तरांनी भरलेलं एक अख्खं शहर सीमेच्या पलीकडे राहिलं. आपल्यापैकी फार थोड्यांना त्याची चुटपुट लागली असेल.

विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहाबद्दल लिहायचं तर एका इमारतीत भागत नाही. पोथ्या आहेत प्राच्यविद्या मंदिरात. विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाला पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांचं नाव आहे. बडोदे कॉलेजची आणि संस्थानी कचेऱ्यांची जुनी पुस्तकं तिथे आली. सेंट्रल लायब्ररी सरकारकडे गेली. राजदप्तर कोठी कचेरीत, म्हणजे आता गुजरात सरकारच्या अभिलेखागारात आहे. राजवाड्याचं खासगी ते राजवाड्याचंच. आणि ललित कला शाखेने १९५०नंतर स्वतःचा वेगळाच ठेवा जमवला. एका विषयावर काम करणाऱ्याला चार दरवाजे ठोठावावे लागतात आणि प्रत्येक दारावरचा साहेब वेगळा.

सयाजीरावांवरचा मराठी लेख म्हणजे बहुतेक वेळा आरती असते. कवळाण्याचा गोपाळ १८७५मध्ये दत्तक गेला इथपासून सुरुवात, मग सक्तीचं शिक्षण, आंबेडकरांची शिष्यवृत्ती, विठ्ठल रामजी शिंदे यांना मदत, आणि शेवटी प्रसाद. यात खोटं काही नाही. पण या राजाने केलेली एक गोष्ट आरतीत बसत नाही, कारण ती कंटाळवाणी आहे. त्याने याद्या करणाऱ्या माणसांना पगार दिला. हिंडून पोथ्या शोधणारे, त्यांची नोंद करणारे, पुस्तकांना क्रमांक घालणारे, दप्तरांचे रुमाल सोडून कागद लावणारे. बडोद्याचा संग्रह मोठा झाला तो या माणसांमुळे. पुस्तकं विकत घ्यायला अनेक राजांकडे पैसा होता.

*

१९१५मध्ये बडोद्याने ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ ही ग्रंथमाला काढायचं ठरवलं. तिचं पहिलं पुष्प १९१६मध्ये बाहेर पडलं: राजशेखराची काव्यमीमांसा. राजशेखर नवव्या-दहाव्या शतकातला, कनोजच्या दरबारातला कवी, पण कूळ आपल्या बाजूचं. त्याचा पणजोबा अकालजलद ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवला जाई. काव्यमीमांसेत त्याने कवीचा दिवस कसा जावा ते सांगितलंय, कवीच्या खोलीत काय काय असावं तेही सांगितलंय, आणि जाता जाता एक फार व्यवहारी सल्ला दिलाय: ग्रंथ पुरा झाला की त्याच्या अनेक प्रती करून ठेवाव्यात. का, तर ग्रंथ नाहीसे होण्याची कारणं पुष्कळ. कुणाकडे ठेव म्हणून ठेवला, विकला, दान दिला, कर्त्याने देश सोडला, कर्ता लवकर गेला, आग लागली, पाणी शिरलं.

हजार वर्षांपूर्वी लिहिलेली ही यादी आजच्या कुठल्याही अभिलेखागाराच्या भिंतीवर लावावी. त्यातला विनोद असा की, राजशेखराने स्वतः हा ग्रंथ अठरा अधिकरणांचा योजला होता आणि हाती लागलं ते फक्त पहिलं. बाकीची सतरा लिहिली गेली होती की नाही, हाच वादाचा विषय. जे उरलं तेही पाटणच्या जैन भांडारात ताडपत्रावर पडून होतं.

ते तिथे आहे हे कळलं चिमणलाल दलालांमुळे. सेंट्रल लायब्ररीच्या संस्कृत विभागाचे हे प्रमुख. पाटण तेव्हा बडोदे संस्थानातच होतं. १९१४च्या सुमाराला सयाजीरावांनी त्यांना तिथली भांडारं तपासायला पाठवलं. जैन भांडार म्हणजे काही वाचनालय नव्हे की गेलं आणि कपाट उघडलं. पोथ्या संघाच्या मालकीच्या. किल्ल्या अनेकांकडे. विश्वास बसेपर्यंत दार उघडत नाही. एकदा उघडलं की मग प्रत्येक गठ्ठा सोडायचा, लाकडी फळ्या बाजूला करायच्या, पानं मोजायची, लांबी-रुंदी घ्यायची, आरंभ आणि शेवट उतरवून घ्यायचा. शेवटी लेखनिकाची पुष्पिका असते. त्यात संवत, गाव, कुणासाठी नक्कल केली ते. कित्येकदा लेखनिक तिथे आपलं रडगाणंही गातो: पाठ मोडली, कंबर गेली, मान खाली घालून डोळे फुटले, तेव्हा ही पोथी जपा, तेल-पाण्यापासून सांभाळा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. असे शेकडो लेखनिक वाचून झाल्यावर यादी करणाऱ्याचीही तीच गत होत असणार.

दलालांनी पोथ्या बडोद्याला उचलून आणल्या नाहीत. यादी आणली, आणि निवडक ग्रंथांच्या नकला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण त्याच काळात दुसऱ्या बाजूने पोथ्या बडोद्याकडे येतही होत्या. अनंतकृष्ण शास्त्री नावाचे विद्वान संस्थानसाठी देशभर हिंडून पोथ्या गोळा करत होते. त्यांनी मिळवलेल्या ग्रंथ, तेलुगू, मल्याळम लिपींतल्या पोथ्या हे प्राच्यविद्या मंदिराचं आजचं वैभव. पण एखाद्या खेड्यातल्या अडचणीत आलेल्या घराकडून राजाच्या माणसाने पोथी घेतली, तेव्हा ती वाचली म्हणायचं की त्या घरातून गेली म्हणायचं? दोन्ही खरं आहे. राजशेखराच्या यादीत विक्री आणि दान ही नाशाची कारणं आहेत. बडोद्याला तीच जतनाची झाली.

दलाल १९१८मध्ये वारले. राजशेखराचं आणखी एक कारण, अल्पायुष्य. जैसलमेरच्या भांडारांची त्यांनी केलेली सूची १९२३मध्ये छापून निघाली, आणि पाटणची निघाली १९३७मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. दोन्ही पुऱ्या केल्या पंडित लालचंद्र गांधी यांनी. कवितासंग्रह अर्धा राहिला तर दुसरा कवी तो पुरा करत नाही. यादीचं तसं नसतं. ती पुढच्या माणसाला जिथे थांबली तिथून उचलता येते, आणि उचलणारा मिळाला तर पहिल्याचे कष्ट वाया जात नाहीत.

*

दलालांच्या पश्चात त्यांचं काम हाती घेणाऱ्यांत गजानन श्रीगोंदेकर हे नाव आहे. मराठी माणूस, पण मराठीत त्यांच्याविषयी कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या तरी पाहण्यात नाहीत. त्यांच्या हातून १९२५मध्ये दोन पुस्तकं बाहेर आली आणि दोन्हींचा आपल्या इतिहासाशी थेट संबंध आहे.

पहिलं लेखपद्धती. दलालांनी सुरू केलेलं, श्रीगोंदेकरांनी संपवलेलं. हा ग्रंथ म्हणजे मध्ययुगीन गुजरातेतल्या कारकुनांचा नमुनासंग्रह. जमिनीचं दानपत्र कसं लिहावं, कर्जरोखा कसा लिहावा, घर गहाण टाकताना काय लिहावं, बापाने मुलाला पत्र कसं पाठवावं. दुष्काळात पोटासाठी स्वतःहून दासी व्हायला आलेल्या बाईचं करारपत्रसुद्धा आहे. त्यातल्या अटी वाचताना अंगावर काटा येतो, कारण भाषा अगदी थंड आहे, भाडेकरारासारखी. आणि तहनाम्याचा नमुना म्हणून दिलेलं पत्र आहे ते देवगिरीचा यादव सिंघण आणि गुजरातचा लवणप्रसाद यांच्यातलं, संवत १२८८चं, म्हणजे इसवी सन १२३१-३२च्या सुमाराचं. दोघांनी आपापल्या हद्दीत राहावं, एकमेकांच्या मुलखावर चालून जाऊ नये, तिसरा कुणी आला तर मदत करावी. तह खरा होता की कारकुनाने नमुन्यापुरता रचला यावर इतिहासकार भांडतात. पण देवगिरीचा राजा गुजरातेतल्या कारकुनांच्या गाइडात उदाहरण म्हणून बसला, एवढ्यावरूनही त्याचा वचक कळतो.

दुसरं पुस्तक मानसोल्लास. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९च्या सुमाराला, राजाच्या सुखांचा हा कोश रचला. हत्ती, घोडे, रत्नं, चित्रकला, संगीत, कुस्ती, मासेमारी, खाणं. आज फेसबुकवर इडली-डोशाचा उगम सांगणारे लोक ज्या ‘इडरिका’ आणि ‘धोसका’चा हवाला देतात, तो इथला. मांड्यांचाही. शेतातले काळे उंदीर भाजून कसे खावेत तेही सोमेश्वराने तितक्याच चवीने सांगितलंय, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही. संगीताच्या भागात जुन्या मराठीचे नमुने आहेत, म्हणून मराठी भाषेच्या इतिहासात या ग्रंथाला जागा मिळाली. श्रीगोंदेकरांनी याचा पहिला खंड १९२५मध्ये काढला, दुसरा १९३९मध्ये, तिसरा निघायला १९६१ साल उजाडलं. तोवर संस्थान गेलं होतं, ग्रंथमाला विद्यापीठाची झाली होती आणि सोमेश्वराचं कल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात होतं.

या ग्रंथमालेत आजवर पावणेदोनशेहून अधिक पुष्पं झाली. शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह हा बौद्ध ग्रंथ, जैनांनी सांभाळलेला, एका मराठा राजाच्या पैशाने १९२६मध्ये छापला गेला. अभिनवगुप्ताच्या टीकेसह नाट्यशास्त्राचे चार खंड निघायला १९२६ ते १९६४ एवढा काळ लागला. गुजरातचा फारसी इतिहास ‘मिरात-इ-अहमदी’ही याच मालेत. संस्कृत विभाग १९२७मध्ये सेंट्रल लायब्ररीतून वेगळा होऊन प्राच्यविद्या मंदिर झाला, बिनयतोष भट्टाचार्य त्याचे पहिले संचालक. आज तिथे अठ्ठावीस हजारांच्या घरात हस्तलिखितं आहेत.

*

पोथ्यांचं काम सुरू होतं त्याच वेळी बडोद्यात छापील पुस्तकांची यादी करायला अमेरिकेहून माणूस आला होता. विल्यम ॲलन्सन बोर्डन, न्यू हेवनचा ग्रंथपाल, अमेरिकी ग्रंथालयशास्त्रज्ञ ड्यूईच्या परंपरेतला. १९०६च्या दौऱ्यात सयाजीरावांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली. १९१०मध्ये बोर्डन बडोद्यात आले, १९१३पर्यंत राहिले. राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तकं हा सेंट्रल लायब्ररीचा पाया. बोर्डनांनी १९११मध्ये ग्रंथपालांचा वर्ग चालवला, देशातला पहिला. स्वतःची वर्गीकरणपद्धत बनवली. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघू लागलं. बोर्डन गेल्यावर हा संसार जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आला. त्यांनी १९१९मध्ये या चळवळीवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक आजही ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगितलं जातं.

यातली फिरत्या पेट्यांची कल्पना मला सर्वांत जवळची. लाकडी मजबूत पेटी, आत निवडक पुस्तकं आणि त्यांची यादी, पाठवण्याचा खर्च संस्थानचा. गावच्या शाळामास्तराने नाहीतर पाटलाने ती उतरवून घ्यायची, वाचकांना वाटायची, परत भरायची. पेटी गावात आली की वाचायला शिकलेल्या पोरांना वाचायला काहीतरी मिळे. सक्तीचं शिक्षण देऊन थांबलं तर पाच वर्षांत अक्षरं विसरली जातात, हे त्यामागचं साधं गणित. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीच्या इमारतीत पोलादी घोडे आणि काचेच्या जमिनी आहेत. खालच्या मजल्यापर्यंत उजेड जावा आणि दिव्याच्या ज्योतीची भीती नको म्हणून. आगीची काळजी इथे वास्तुशिल्पातच घेतली होती.

ही लायब्ररी विद्यापीठाकडे आली नाही याची विद्यापीठातल्या जुन्या माणसांना हळहळ वाटत आलेली आहे. मला तसं वाटत नाही. विद्यापीठात गेली असती तर ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडलं नसतं.

*

विद्यापीठाने पुढे स्वतः केलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती. पुण्यात भांडारकर संस्थेचं महाभारत चालू होतंच. १९५१मध्ये बडोद्याने रामायण हाती घेतलं. हंसा मेहता तेव्हा कुलगुरू होत्या, आणि त्यांनी स्वतः रामायणाची काही कांडं गुजरातीत आणली आहेत, हे इथे नोंदवायला हवं. बालकांड १९६०मध्ये गोविंदलाल भट्टांच्या संपादनाखाली निघालं, उत्तरकांड उमाकांत शहांच्या, १९७५मध्ये. मधल्यांपैकी अयोध्याकांड आणि युद्धकांड केलं परशुराम लक्ष्मण वैद्यांनी. पुण्याच्या महाभारताचा शेवटचा टप्पाही त्यांच्याच देखरेखीखाली पार पडला. दोन्ही महाकाव्यांच्या पाठावर इतकी वर्षं एकाच माणसाची नजर फिरली, ही गोष्ट आपल्या शाळांच्या पुस्तकांत का नाही, कोण जाणे.

चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय करतात, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. देशभरातून पोथ्या किंवा त्यांचे फोटो मागवायचे. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, ग्रंथ, तेलुगू, मल्याळम, जितक्या लिप्या तितके वाचक हवेत. मग मोठ्या चौकटी आखलेल्या कागदावर श्लोक अक्षर-अक्षर सुटं करून वर लिहायचा, आणि खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. जिथे अक्षर तेच आहे तिथे चौकट कोरी, जिथे फरक आहे तिथे तेवढंच अक्षर. एका चरणात ‘तु’ आहे की ‘च’, हे पाहायला तीस-चाळीस पोथ्या उलटायच्या. असे कागद भरत गेले की हळूहळू दिसू लागतं की काश्मीरकडच्या पोथ्या एका बाजूला जातात, बंगाल-नेपाळच्या दुसऱ्या, दक्षिणेच्या तिसऱ्या. मग संपादक ठरवतो, सर्वांच्या मुळाशी काय असावं. नेपाळातली १०२० सालची ताडपत्राची पोथी त्यात साक्षीला होती. चोवीस हजार श्लोकांची ख्याती असलेलं रामायण या चाळणीतून निघालं ते अठरा हजार सातशेच्या आसपास. गाळलेले श्लोक फेकले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत, कुठल्या पोथीत आहेत त्या खुणेसकट, ते सगळे शाबूत आहेत. माझ्या मते या सात खंडांचं खरं मोल तळटीपांतच आहे.

अमेरिकेत रॉबर्ट गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पाठावरून प्रिन्स्टन विद्यापीठासाठी इंग्रजी भाषांतर केलं. पहिला खंड १९८४चा, शेवटचा २०१७चा. बडोद्यातल्या चौकटींच्या कागदांना इतका लांबचा वाचक मिळाला.

ललित कला शाखेचं नाव वर घेतलं, तर दोन वाक्यं तरी हवीत. ना. श्री. बेंद्रे १९५०पासून तिथे चित्रकला विभागाचे प्रमुख होते. के. जी. सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख यांचे कागद, फोटो, पत्रिका यांचं डिजिटल रूप हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने केलं आहे. आधुनिक चित्रकलेच्या अभ्यासकाला बडोदं घरबसल्या उघडतं. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ते तसं उघडत नाही.

*

गायकवाडांचा कारभार अठराव्या शतकापासून मोडीत चालला. रयत गुजराती, दरबार मराठी. हुकूम, टिप्पणं, सनदा, फडाचे हिशेब, सरदारांच्या नेमणुका, देवस्थानांचे खर्च. हे सारं रुमालांत बांधलेलं. एक रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, आणि वरच्या चिठ्ठीवरून आत काय असेल याचा फक्त अंदाज येतो.

मोडी वाचणं म्हणजे नुसती लिपी ओळखणं नव्हे. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढतो आणि त्यांना खालून अक्षरं लटकवत जातो, बोरू न उचलता. शब्द तोडायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. कागदावर साल असतं ते अरबी आकड्यांच्या शब्दांत: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असं असलं तर दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७२. हे शुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, पाऊस कुठल्या बाजूला पडतो ते पाहून, कारण वर्ष मृगात बदलतं. म्हणजे १७७१-७२. मग ‘छ’ लिहून पुढे चंद्राची तारीख आणि मोहरम, सफर, रबिलावल असा महिना. तेव्हा कुठे कळतं की पत्र दमाजीराव गायकवाडांच्या मृत्यूनंतरच्या भाऊबंदकीतलं आहे. ज्याला हे जमत नाही, त्याच्यासाठी रुमालातले शंभर कागद एकसारखेच.

हे ज्यांना जमत होतं त्यांतले दोघे बडोद्याच्या नोकरीत होते. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९मध्ये महाराजांना वाचून दाखवायला म्हणून आले. राजपुत्रांना शिकवता शिकवता, राजवाड्यातली पुस्तकं हाताशी असल्यामुळे, त्यांच्या ‘रियासत’ या इतिहासमालेचा पसारा उभा राहिला. १९२५मध्ये ते निवृत्त झाले आणि नंतर पुण्याच्या पेशवे दप्तरातून पंचेचाळीस खंड निवडून काढले. दुसरे चिं. वि. जोशी. चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ते बडोदे कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते आणि संस्थानचे राजदफ्तरदार. चिमणरावाच्या घरातल्या गोंधळाकडे त्यांनी ज्या समजुतीने पाहिलं, ती रुमालातल्या भाऊबंदक्या वाचून तर आली नसेल ना, अशी मला उगाच शंका आहे. पुरावा काही नाही.

संस्थानच्या कागदांतून निवडक वेचे इंग्रजी-मराठीत छापले गेले. अलीकडे महाराष्ट्र शासनाच्या चरित्र साधने समितीने, बाबा भांड यांच्या पुढाकाराने, सयाजीरावांची भाषणं, पत्रं, लेखन खंडांमागून खंड काढून मराठीत आणलं. चांगलंच झालं. पण सयाजीराव म्हणजे बडोदं नव्हे. त्यांच्या आधीची दीडशे वर्षं मोडीत आहेत, आणि त्यांच्या काळातलाही कारकून, मामलेदार, शेतकरी, देवळाचा पुजारी या मंडळींचा आवाज भाषणांत नाही, तो टिप्पणांत आणि अर्जांत आहे.

राजशेखराने देशत्याग हे ग्रंथनाशाचं कारण सांगितलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर गाव सोडून जाणारा कवी असावा. इथे उलटं झालं. कागद जागेवरच राहिले आणि त्यांच्याभोवतीचा देश बदलला. गुजरातच्या अभिलेखागाराला मराठी मोडी वाचणारा माणूस नेमायचा तर तो मिळणार कुठून? महाराष्ट्रात मोडी शाळांतून गेली त्याला सत्तर वर्षं झाली. आता वर्ग चालतात, उत्साहाने चालतात, पण तिथे शिकलेला मुलगा पुण्या-कोल्हापूरच्या कागदांकडे वळतो. बडोद्याच्या विद्यापीठात मराठी विभाग आहे, मोडीचे रुमाल त्याच शहरात आहेत. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला एका रुमालाची यादी करायला लावली तर दहा वर्षांत काय काम उभं राहील! दोन सरकारांनी मिळून एक पद भरायचं ठरवलं तरी पुष्कळ. साहित्य संमेलनं बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी झाली. चारही वेळा नोकरशाहीला न दुखावणारे ठराव झाले असतील. पाचव्या वेळी एका पदाचा ठराव करून पाहावा.

*

राजशेखराच्या यादीतल्या पाण्याचं राहिलं. विश्वामित्री नदी विद्यापीठाच्या आणि कमाटीबागेच्या शेजारून वाहते, एरवी गढूळ ओढ्यासारखी, तिच्यात मगरी. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस नदीने पस्तीस फुटांची पातळी गाठली, धोक्याची खूण सव्वीसची. अशा शहरात तळमजल्यावर काय ठेवायचं हा प्रश्न प्रशासनाचा आहे, रसायनशास्त्राचा नव्हे. कागदाला कसर लागते, वाळवी लागते, त्यावर उपाय आहेत. जुन्या घरांत पोथीत वेखंडाची पुरचुंडी ठेवत, लाल कापडात करकचून बांधत. ताडपत्राला तेलाचा हात फिरवतात. ओल्या झालेल्या गठ्ठ्याला मात्र घाईने उन्हात टाकलं की पानं एकमेकांना कायमची चिकटतात.

आणि सर्वांत जास्त कागद आज ना विद्यापीठात जाताहेत ना सरकारात. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांत ते माळ्यावर आहेत. आजोबा हुजूर कचेरीत होते, पणजोबा कुठल्याशा महालाचे वहिवाटदार. वाडा बिल्डरला जातो, नवीन फ्लॅटला माळा नसतो, आणि पस्तीवाला किलोवर घेतो. असा गठ्ठा हाती आला तर काय करावं, हे विचारणारे फोन अधूनमधून येतात, म्हणून इथेच लिहून ठेवतो. सेलोटेप लावू नका. लॅमिनेट तर अजिबात करू नका. गठ्ठा सोडताना कागद ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने फोटो काढा, नीट दिसेल अशा उजेडात, प्रत्येकाचा पुढचा-मागचा. घडीत चिठ्ठी, धागा, शिक्का असला तर तो तिथेच राहू द्या. कुणाच्या घरातले, कुठल्या गावाहून आले, शेवटचं कुणी वाचलं, ते वेगळ्या कागदावर लिहून वर ठेवा. पेन्सिलीने.